आबा तांडेल आणि आगबोटीतल्या बाटल्या

पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन होतो असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "सोनं किती सापडलं?" आणि दुसरा, "फोटो काढता येतात, मग चित्रं कशाला?" पहिल्याचं उत्तर नोकरीभर एकच राहिलं. सोनं मी फक्त बायकोच्या गळ्यात पाहिलं, तेही लग्नातलं. दुसऱ्याचं उत्तर असं, की कॅमेऱ्याला सगळा चिखल सारखाच दिसतो. चित्र काढणाऱ्याला मात्र चिखलाकडे बघत बसावं लागतं आणि हा थर इथे संपला, तो तिथे सुरू झाला, हे ठरवून रेघ मारावी लागते. म्हणून खणताना खड्ड्याची एक भिंत मुद्दाम उभी कापून राखून ठेवतात. बेबिंका या गोव्याच्या थरांच्या मिठाईचा तुकडा कापला की त्याचे पापुद्रे दिसतात ना, तसंच. खालचा पापुद्रा जुना, वरचा नवा. आमच्या धंद्यातलं सगळं शहाणपण एवढंच आहे. बाकी उन्हात बसणं.

माझे वडील सावंतवाडीकडून वास्कोला पोर्टात कामाला आले, त्यामुळे मी जहाजं बघत वाढलो. नोकरीत मात्र माझ्या वाट्याला आले फुटके माठ, देवळांच्या पायऱ्या आणि वीरगळ. डिचोलीत एका घरी वीरगळावर कपडे धूत असत. घरधनीण म्हणाली, "न्या की, पण असोच गुळगुळीत दुसरो धोंडो हाडून द्या." मग मी आणि आमचा शिपाई दिवसभर ओढ्यात धोंडे चाचपत फिरलो. तिला एकही पसंत पडेना. तो वीरगळ बहुधा अजून तिथेच आहे आणि त्याच्यावरचा वीर आता पार झिजला असेल. असल्या नोकरीत एकदा तरी जहाज काढायला मिळावं असं मला वाटायचं, आणि एका दुष्काळाने ते मिळवून दिलं.

गोवा घटक राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. त्या वर्षी पावसाने तोंड दाखवलं आणि लगेच पाठ फिरवली. पेडण्यात नदीच्या वरच्या अंगाच्या गावांनी लवकरच मातीचे बांध घालून पाणी अडवलं, त्यामुळे खालच्या एका गावापाशी ओहोटीला नदीचं पात्र उघडं पडू लागलं. त्या गावाचं नाव देत नाही, कारण तिथले लोक मला अजून मानकुराद आंबे पाठवतात आणि ते बंद पडलेले मला परवडणार नाहीत. तिथे वर्षानुवर्षं ओहोटीला पाण्याबाहेर लोखंडी धुराड्याचं नुसतं टोक दिसायचं. आता खालची अख्खी आगबोट दिसू लागली. पोर्तुगीज अमदानीत नदीतून माणसं, तांदूळ आणि नारळ वाहणारी ती वाफेवरची बोट. तिथले म्हातारे तिला 'वापोर' म्हणत.

आमचे लिमये साहेब पुण्याचे. देवळांच्या अभ्यासात त्यांचा शब्द शेवटचा. पाण्याचा मात्र त्यांना भारी धसका. फेरीबोटीत दोन्ही हातांनी कठडा धरून डोळे मिटून उभे राहायचे. असा माणूस जहाजाच्या उत्खननाला प्रमुख! पण निवृत्ती जवळ आली होती आणि "लिमये, एक जहाज झालं की आयुष्य पुरं झालं," असं ते स्वतःलाच सांगत.

काम ओहोटीतच करता यायचं, आणि ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते. तिला सरकारी वेळापत्रक कोणी दाखवलेलं नसतं. त्यामुळे आम्ही कधी सकाळी चिखलात असू, कधी भर दुपारी. आम्ही उतरलो होतो सत्यभामाबाय नावाच्या विधवा बाईंच्या पडवीत. सकाळी पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, गोल उंडे आणि चहा, दुपारी पेज आणि तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं, असा आमचा खुराक. गावात तेव्हा मराठी की कोंकणी यावरून दोन तट पडलेले होते, पण भांडण मात्र दोन्ही तट एकाच बोलीत करत.

पहिल्याच दिवशी काठावर एक साठीपुढचा सडसडीत माणूस येऊन उभा राहिला. कमरेला कोयता, हातात दोन शहाळी. हा सगुण. गावाचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा. शहाळी फोडून आमच्या हातात दिली आणि साहेबांना म्हणाला, "माझो बापूस ह्या बोटीचो तांडेल. आबा तांडेल."

तांडेल म्हणजे बोट चालवणारा, तिचा कप्तानच.

"लोक म्हणतत, बापसान पिऊन बोट बुडयली. माझ्या बापसान जल्मात थेंबाक हात लावूक ना. तुमी उकरतात, तर तुमका काय ता गावतला. गावतला ता माका सांगा."

साहेब म्हणाले, "आम्ही पुरावा सापडेल तेच सांगू."

"ताच व्हया," सगुण म्हणाला आणि माडाच्या सावलीत बसला. त्या दिवसापासून ओहोटी असेल तेव्हा तो तिथे असायचाच.

बोट बुडाल्याची गोष्ट सत्यभामाबायने सांगितली. बोटीत वऱ्हाड होतं. वळणावर बोट खडकावर गेली. माणूस एकही दगावला नाही, सगळे पोहत, ओढत काठाला लागले; पण तांदळाची पोती, भांडी, शालू सगळं तळाला गेलं आणि नवरदेव उसन्या धोतरात बोहल्यावर उभा राहिला. माणसं मेली असती तर लोकांनी कदाचित हळहळ करून विसरलंही असतं. जेवणावळ बुडालेली कोण विसरतो? आबा तांडेल पिऊन होता, असं ठरलं आणि घराण्याचं नाव 'बुडये' पडलं. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. त्या घरात पुन्हा कोणी वल्हं दिलं नाही. होडीत बसला तरी कोणीतरी म्हणायचं, "सगुणा, तू मदी बस, कडेक नको." म्हणून तांडेलाचा मुलगा माडावर चढला. पाण्यापासून जितकं उंच जाता येईल तितका उंच गेला. आबा तांडेल तर त्यानंतर नदीकडे पाठ करून ओसरीत बसायचा आणि तसाच एक दिवस गेला.

"ह्या वयाक पण तेका बापसाचाच पडलेला असा," बाय म्हणाली. "नातवाचा नाव आबा ठेवूचा म्हणता. सून आयकना. म्हणता, बुडयाचा नाव माझ्या झिलाक नको."

म्हणजे आम्ही काय शोधतो आहोत ते आम्हाला कळायच्या आधी गावाला कळलेलं होतं.

काम जोरात चाललं. गावचेच गडी चिखल उपसत होते. धुराड्याशेजारी छपराला एक भगदाड होतं, त्याखाली तांडेलाची उभं राहायची जागा. तिथे खणायला घेतलं आणि बाटली निघाली. मग दुसरी. मग टोपलीभर. सुकाणूच्या चाकाच्या भोवती बाटल्याच बाटल्या! गडी प्रत्येक बाटली उचलताना कपाळाला हात लावत. मला वाटलं, घाम पुसताहेत.

साहेब गंभीर झाले. सगुण माडाखालून बघतच होता. टोपल्या काठावर आल्या तशी त्याची मान खाली गेली.

नेमका त्याच दिवशी म्हापशाचा एक वार्ताहर मोटारसायकलवरून आला. साहेबांना खरं तर सावधपणे बोलायची सवय. देवळाचा काळ विचारला तर ते तीन शतकांचा पल्ला देत. पण चिखलात उभं राहून, जहाजाच्या धुराड्याला टेकून, समोर पत्रकार असताना मोह कोणाला आवरतो? "प्रथमदर्शनी," साहेब म्हणाले, "तांडेलाच्या स्थानी मद्याच्या बाटल्यांचा मोठा साठा दिसतो." वार्ताहराने 'प्रथमदर्शनी' हा शब्द वाऱ्यावर सोडला आणि बाकीचं उचललं. सकाळी पेपरात ठळक मथळा: 'तर्र तांडेलाने बुडवली आगबोट!' खाली साहेबांचा फोटो, हातात बाटली.

त्या दिवशी एकही गडी आला नाही. आबाला नावं ठेवायचा हक्क गावाचा, पेपराचा नव्हे. सत्यभामाबायने पेज वाढली, पण तोरांचं लोणचं वाढलं नाही. गोव्यात माणसाला वाळीत टाकायची ही पहिली पायरी आहे, हे मला तिथे कळलं.

सगुण मात्र आला. शहाळीही घेऊन आला. साहेबांच्या हातात देत म्हणाला, "गाव म्हणत होतो, तेव्हा म्हटलंय, गावच्या तोंडाक कोण हात लावतलो. आता शिकलेल्यांनी लिवला." एवढंच बोलला आणि कधी नव्हे तो सावलीत न बसता सरळ घरी गेला. साहेबांना ते शहाळं पिववेना. माझंही तसंच झालं. त्या माणसापुढे मला स्वतःची फार लाज वाटली.

ओहोटी लागल्यावर आम्ही दोघंच बोटीत उतरलो. मला राखून ठेवलेल्या भिंतीचं चित्र पुरं करायचं होतं. साहेबांना काय करायचं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चिखलात नुसते उभे होते. मी ओळंबा सोडून मापं घेऊ लागलो, तसे ते वाकून भिंतीकडे बघायला लागले. भिंतीत बाटल्या अजून जागच्या जागी रुतलेल्या होत्या. साहेबांनी करणीने हळूच वरच्या बाटलीचं तोंड मोकळं केलं.

"हे काय आहे हो?"

"बूच, साहेब."

"कशाचं?"

"प्लॅस्टिकचं."

साहेबांनी मधली मोकळी केली. तिला पत्र्याचं बूच. सगळ्यांत खालच्या बाटल्यांना लाकडी बुचं, आणि त्या खालच्या बाटल्यांच्याही खाली वीतभर निव्वळ चिखल. काचेचा एक तुकडा नाही. त्याच्याखाली बोटीची फळी.

साहेब तिथेच, चिखलात, मटकन खाली बसले. "बोट पोर्तुगिजांच्या वेळी बुडाली," ते म्हणाले. "आणि आबा तांडेल आत बसून प्लॅस्टिकच्या बुचाची बाटली उघडतोय. अहो, लिमयेला कोणीतरी पहिलीत बसवा!" आणि ते असे हसायला लागले, की काठावरचा बगळा उडाला. आधी बोट बुडाली, मग चिखल साचला आणि बाटल्या त्याच्यानंतर आल्या. बाटल्या बोटीत होत्या, हे आम्ही बघितलं. त्या कोणत्या थरात होत्या, हे बघायचं राहिलं. विद्यार्थ्याने अशी चूक केली असती तर साहेबांनी त्याला परतीच्या बसने पुण्याला पाठवलं असतं.

पण मग बुडालेल्या बोटीत बाटल्या टाकल्या कोणी? आम्ही तसेच चिखलाने माखलेले सत्यभामाबायच्या दारात उभे राहिलो. साहेबांनी हात जोडून विचारलं. तिने आधी इकडेतिकडे बघून घेतलं, मग ती आवाज खाली करून म्हणाली, "त्येचा नाव घेवचा नसता."

"कोणाचं?"

"राखणदाराचा."

मग उलगडा झाला. बोट बुडाल्यावर काही वर्षांनी धुराड्यात अडकून मासेमाऱ्यांची जाळी फाटायला लागली. तिथे नदीचा राखणदार, म्हणजे जागा सांभाळणारा न दिसणारा देव, येऊन बसला असं ठरलं, आणि राखणदाराला जे लागतं ते त्याला द्यायला सुरुवात झाली: रोट, विडी आणि बाटली. जाळं भरलं की बाटली, म्हैस व्याली की बाटली, मुलगा दुबईला लागला की बाटली. होडी धुराड्याला लावायची, धुराड्याच्या कडेने बाटली पाण्यात सोडायची, म्हणजे ती खालच्या भगदाडातून आत जाई, कपाळाला हात लावायचा आणि मागे न बघता परत यायचं. याच्याबद्दल बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही, हा नियम. त्यातून साहेब सरकारी अधिकारी, वर पुण्याचे, वर शाकाहारी.

"अहो, पण गड्यांना माहीत होतं ना? बाटल्या काढताना एक तरी बोलला असता!"

"कसो बोलतलो?" बाय म्हणाली. "राखणदाराचा बोलल्यार जाळा फाटतला. आणि आबाचा काय, तो मेलो."

संध्याकाळी गावाचा मानकरी राणू गावकर आला. देवळात गावाच्या वतीने बोलणारा तोच. साहेबांनी त्याच्यापुढे आपली चूक कबूल केली आणि म्हणाले, "आता लपवण्यासारखं काय राहिलंय? या बाटल्या कोणी, कधी टाकल्या ते कळलं तर आमचा एकेक थर पक्का होईल." गावकराने डोकं खाजवून विचार केला आणि निवाडा दिला: राखणदाराचं नाव घ्यायचं नाही, पण बाटली ओळखायला काही हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी काठावर जत्रा लोटली. एरवी संशोधकांना माणसं हुडकत फिरावं लागतं. इथे रांग लागली. "ही माझी, रेडकू झाला तेव्हाची." "ही माझ्या आजोबाची, हेच्यार जहाजाचा चित्र असा." मी प्रत्येक बाटलीला चिठ्ठी बांधत होतो. एक बाटली घट्ट बुचाची निघाली, आत अजून काही होतं. वास घेतला तर निव्वळ पाणी! राखणदाराला पाणी पाजणारा तो महाभाग कोण, यावरून दोन भावांची अशी जुंपली, की साहेबांनी मध्ये पडून ती 'अज्ञात दाता' म्हणून नोंदवायला लावली. सगुण लांब उभा राहून सगळं बघत होता. त्याच्याजवळ जाऊन साहेब म्हणाले, "सगुणराव, बाटल्या तुमच्या वडिलांच्या नव्हेत. पण ते प्यायले नव्हते, हे अजून सिद्ध झालेलं नाही. मी खोटं सांगणार नाही."

"सांगूच नको, सायबा," सगुण म्हणाला. "खणा."

गडी परत आले. लोणचंही परत आलं. खालचा निव्वळ चिखल आम्ही अक्षरशः चमच्याने काढला. चाक मोकळं झालं. ते उजवीकडे वळवता येईल तेवढं पूर्ण वळवलेलं होतं, म्हणजे खडकापासून दूर. आता अशा बोटीत चाकापासून मागच्या सुकाणूपर्यंत एक साखळी जाते. चाक फिरलं की साखळी ओढली जाते आणि सुकाणू वळतं. आम्ही मागे जाऊन बघितलं, तर सुकाणू सरळ. जरासुद्धा वळलेलं नाही. मग फळीखालची साखळी हुडकत गेलो. मध्येच साखळी संपली आणि काथ्याचा दोर सुरू झाला. चिखलात दबलेला काथ्या कुजत नाही. गाठी जशाच्या तशा होत्या. साखळीची कडी कधीतरी तुटली होती, मालकाने नवी न घालता तिथे दोर बांधून वेळ मारून नेली होती, आणि वळणावर नेमका तो दोर तुटला होता. आबा तांडेलाने करायचं ते सगळं केलं होतं. सुकाणूला ते कळलंच नाही.

साहेबांनी सगुणला हात धरून बोटीत आणलं. बापाचं चाक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्याने कमरेचा कोयता काढून बाजूला ठेवला, चाकाला हात लावला आणि कोणत्या बाजूला वळवलंय ते स्वतः दोनदा बघून घेतलं. मग म्हणाला, "आता हा गावाक सांगा."

साहेबांनी म्हापशाला जाऊन वार्ताहराला गाठलं. तो प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "सर, प्यायलेल्या माणसाची बातमी होते. न प्यायलेल्याची कशी होणार?"

साहेब हात हलवत परत आले तेव्हा राणू गावकर म्हणाला, "पेपर कोण वाचता, सायबा? गाऱ्हाण्यात सांगा." गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्या गावासमक्ष मोठ्याने घातलेलं साकडं. एकाने सांगायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर गावाने एका सुरात 'व्हय महाराजा' म्हणून त्याच्यावर शिक्का मारायचा. तिथे एकदा 'व्हय' झालं की वरच्या कोर्टात अपील नाही.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. गावकराने देवाला हाक घातली, बारा वाड्यांची नावं घेतली आणि साहेबांना पुढे ढकललं. साहेबांनी चष्मा पुसला. त्यांना बोलण्याची एकच पद्धत ठाऊक.

"प्रस्तुत उत्खननात," साहेब म्हणाले, "वरच्या थरात प्लॅस्टिकची बुचं मिळाली."

"व्हय महाराजा!"

साहेब दचकून एक पाऊल मागे सरले. मग त्यांना धीर आला. "सबब, बाटल्या बोट बुडाल्यानंतरच्या आहेत!"

"व्हय महाराजा!"

"चाक उजवीकडे, साखळी तुटलेली, दोर काथ्याचा! दोष मालकाचा! आबा तांडेलाचा नव्हे! आणि पेपरात जे आलं ती चूक माझी, या लिमयेची!"

"व्हय महाराजा!!" छप्पर हाललं. साहेब नंतर मला म्हणाले की एवढी एकमुखी मान्यता त्यांना कुठल्याच परिषदेत मिळाली नव्हती. मी मात्र सगुणची सून कुठे दिसते का ते बघत होतो. ती बायकांच्यात पुढेच होती, पोराला कडेवर घेऊन, आणि सगळ्यांत मोठ्याने 'व्हय महाराजा' म्हणत होती.

बोट आम्ही नेली नाही. ती जागीच राहू द्यावी, अशी साहेबांनी शिफारस केली आणि खात्याने ती फार आनंदाने मान्य केली, कारण न्यायला त्यांच्याकडे काही साधनच नव्हतं. माझं चित्र म्युझियमच्या एका बोळात, आग विझवायच्या बादल्यांच्या वर लावलेलं आहे. जहाज काढायला मिळालं, याहून जास्त काय हवं?

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. गाऱ्हाणं संपलं, प्रसाद वाटला, लोक अंगणात टेकले. सगुण मध्ये बसला होता. होडीत त्याला मध्ये बसवत ते चेष्टेने, इथे मानाने. राणू गावकर त्याच्याजवळ सरकून म्हणाला, "सगुणा, निवाडो झालो. आता देवाच्या अंगणात खरा सांग. आबा कधीच घेय नसलो?"

सगुणने हातातला प्रसाद तोंडात टाकला. मग म्हणाला, "घेय नसलो? रोज घेय! माडाची, काजूची, मिळात ती. फकत सोमवार सोडून. सोमवाराचो तेचो कडक उपास. आणि बोट बुडली ती सोमवारा."

लिमये साहेबांचा चष्माच घसरला. "अहो सगुणराव! मग हे आजवर सांगितलं का नाहीत? इतका चोख पुरावा तुमच्याजवळ असताना?"

"कसो सांगतलंय, सायबा?" सगुण म्हणाला. "सोमवार सांगितलो, तर बाकीचे सगळे वार कबूल करूचे लागतत!"

जे हसू फुटलं ते आवरेना. सगुणही हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग नुसतंच पाणी येत राहिलं आणि ते त्याने पुसलं नाही. कोणीतरी म्हणालं, "सांग मरे, आबाचा कायतरी सांग!" सगुण मांडी घालून नीट बसला आणि त्याने गावाला बापाची पहिली गोष्ट सांगायला घेतली. ती मंगळवारची होती.